भिंतीवरचा तेलाचा डाग

जबलपुरात, आमच्या गढ्याच्या बाजारात मटार उतरला की तो आधी वत्सलाला कळतो. तिला आता ऐकू कमी येतं, डोळ्यांचंही तसंच आहे, पण शहपुऱ्याकडून आलेल्या पोत्यांचा तो ओला, हिरवा वास तिला गल्लीच्या तोंडाशीच येतो. "आला गं मटर," म्हणत ती पिशवी शोधायला लागते. मी म्हणते, "थांब नं चार दिवस, नीट भरू दे दाणा." ती म्हणते, "आपल्या वयाच्या बाईनं चार दिवस थांबू नये." मग आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून बाजारात जातो आणि लागतो त्याच्या दुप्पट मटार घेऊन येतो.

अंगणात उन्हाला पाय पसरून सोलायला बसायचं. वत्सला सोलते कमी आणि चाखते जास्त. गोड आहे का ते बघून राहिली, असं तिचं म्हणणं असतं. माझं तसं नाही. मी शेंग दाबते, ती टचकन फुटते आणि त्या आवाजासरशी मी या अंगणात नसतेच. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत असते, चटईवर, आणि समोरच्या भिंतीला टेकून कुणीतरी बसलेलं असतं.

यंदा अशीच बसले होते आणि ऋचाचा फोन आला. ऋचा म्हणजे माझ्या भावाची नात. इथंच वाढली, आता पुण्यात नोकरीला आहे. मराठी तिला सगळी कळते, बोलताना मात्र मध्येच हिंदीत घसरते. ज्या मुलाशी लग्न करायचं ठरलं होतं, त्याच्याबरोबर तिनं तिथं फ्लॅट घेतला होता, भाड्यानं. उन्हाळ्यात तो परदेशी गेला आणि तिकडूनच कळवलं की आता परत यायचं मनात नाही.

"आजी, मकान मालिक पूछ रहा है," ती म्हणाली. "लीज रिन्यू करू का सोडून देऊ? ऑफिसच्या दोघी म्हणून राहिल्या, आमच्याकडे ये, एक खोली खाली आहे."

"मग जा नं."

"जाववत नाही आजी. किचनमध्ये त्यानं लावलेला एक हुक आहे. पातेलं पुसायचा कपडा टांगायला. पागलपन है, मला माहीत आहे. एक हुक!"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "उद्या बोलते गं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. वत्सलानं विचारलं, काय म्हणत होती पोरगी? मी तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं, हुकासकट. ती परत सोलायला लागली आणि त्यानंतर एकही दाणा तोंडात टाकला नाही.

माझे यजमान लष्करात तारेच्या कामाला होते. टेलिफोनच्या तारा ओढायच्या, तुटल्या की जोडायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि पुढं घ्यायला शिकावं इतके दिवस मिळाले नाहीत, म्हणून माझ्या तोंडी अजूनही 'हे'च आहेत. हे अमरावतीकडचे, मी इथलीच, रेल्वेतल्या बापाची मुलगी. लग्न झालं तेव्हा यांची बदली जबलपूरलाच होती, तेव्हा कांचघरला दोन खोल्या घेतल्या. घरमालकीण विधवा होती. तिला सगळी गल्ली अम्माजी म्हणायची, म्हणून आम्हीही.

अम्माजीचा भाडेकरूंशी व्यवहार ग्यारस ते ग्यारस. देवउठनी ग्यारस म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. चातुर्मासात देव झोपलेले, तेव्हा आमच्याकडे कुणी बिऱ्हाड हलवत नाही. ग्यारसला अंगणात उसाचा मांडव घालायचा, शिंगाडे, बोरं, हरभऱ्याची भाजी मांडायची, देवांना उठवायचं आणि मग ज्याला जायचं त्यानं जावं. अम्माजी त्याच्या आधी दाराशी येऊन विचारायची, "क्यों, रहना है कि जाना है?" राहायचं म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुताईवाला हजर. चुन्यात चिमूटभर नीळ घालून दोन्ही खोल्यांना हात मारून जायचा. कागद नाही, सही नाही. भिंत पांढरी झाली की वर्षाचा करार झाला.

आम्ही राहायला आलो तेव्हा भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. नवी नवरी, नवं घर, मी भिंतीला बोट लावू देत नव्हते. आणि यांच्या डोक्याला आईच्या हुकमानं रोज ओंजळभर खोबरेल. इथल्या थंडीत ते बाटलीत गोठायचं, म्हणून बाटली खिडकीत उन्हाला ठेवायची आणि वितळली की डोक्यावर उपडी. तसेच येऊन हे त्या भिंतीला पाठ लावून, डोकं टेकून बसायचे आणि मटार सोलायचे. मटार सोलणारा नवरा गल्लीत दुसरा नव्हता, याचा मला अभिमान होता. पण भिंतीचं दुःखही होतं. महिन्याभरात तिथं बशीएवढा पिवळट गोल उमटला.

"अहो, भिंत नासली," मी म्हणायची.

"भिंत टेकायलाच तं असते," हे म्हणायचे. "नाहीतर चार खांबांवर छप्पर नसतं टाकलं?"

मी तिथं जुना टॉवेल टांगला. तो यांनी काढून पाय पुसायला घेतला. वर्तमानपत्र डकवलं, तर तेच वाचायला काढलं. मी रुसले, दोन दिवस बोलले नाही. काय ती भांडणं! आज कुणी मला म्हणालं की तुझं उरलेलं आयुष्य दे आणि त्या भिंतीपायी एकदा भांडून घे, तर मी तेवढ्याला तयार आहे.

पुढच्याच उन्हाळ्यात इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत भरती निघाली. लढाई येणार, असं सगळे म्हणत होते आणि फॅक्टरी रात्रंदिवस चालू होती. भोंग्यावर शहर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. दारूगोळा भरायच्या खात्यात बायका घेत होते, कारण बायकांचा हात हलका. यांनीच अर्ज आणून दिला. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण त्या अमरावतीला होत्या.

त्या खात्यात शिरायच्या खोलीत मधोमध एक लाकडी उंबरा होता. उंबऱ्याच्या अलीकडे घरचं सगळं काढून ठेवायचं आणि पलीकडे फॅक्टरीचे बिनखिशाचे सुती कपडे घालायचे. धातूचं काही चालत नव्हतं. आकडे नाहीत, पिना नाहीत, जोडवी नाहीत. काचेची बांगडी फुटून दारूत कण पडला तरी घात, म्हणून बांगड्या नाहीत. मंगळसूत्र नाही. कपाळावरचं कुंकूसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. प्रत्येकीची एक कापडी थैली, त्यात सौभाग्याचा सगळा ऐवज, आणि थैली खुंटीला. पहिल्या दिवशी मी मंगळसूत्र दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. शेजारी उभी असलेली वत्सला, नागपूरची, माझ्याहून थोडी मोठी, मला म्हणाली, "काहून घाबरते? आत सगळ्या एकसारख्याच. कोण सवाष्ण, कोण विधवा, ब्रह्मदेवाला नाही ओळखू यायचं." मग मला कळलं की तिच्या खुंटीला थैलीच नव्हती.

संध्याकाळी घरी आले की हे आधी माझे हात बघायचे. "घातल्या का बांगड्या? बरं झालं. मला वाटलं परस्पर मोकळी झाली." असली चेष्टा करू नये, असं मी म्हणायची. हे हसायचे आणि भिंतीला टेकायचे.

त्या वर्षी ग्यारसला पुताई झाली नाही. गल्लीत कुणीतरी उठवलं होतं की पांढरं घर विमानातून दिसतं. लोकांनी चांगल्या चुन्याच्या घरांना बाहेरून शेणमाती फासली. आतल्या भिंती विमानातून कशा दिसतील, हे अम्माजीला विचारायची कुणाची छाती नव्हती. "रहना है न? हओ, तो बस रहो," ती म्हणाली. "चूना अगले साल." खिडक्यांना काळे कागद लागले, दिव्यांना टोप्या आल्या. यांना पूर्वेकडे जायचा हुकूम आला तेव्हा बाजारात पहिलाच मटार आला होता. जायच्या दिवशी यांनी भिंतीशी बसून थोडा सोलला, टोपली अर्धी राहिली. ट्रंक उचलताना म्हणाले, "राहिलेला तू सोल. बाजारात मटर आहे तोवर मी येतो."

मटार फाल्गुनापर्यंत असतो. मी मनाशी म्हटलं, एवढं काय, निभेल.

लढाई थोड्या दिवसांत संपली. जिंकलो. फॅक्टरीत पेढे वाटले, भोंगा उगाचच दोनदा वाजवला. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या आणि पलीकडच्या कपड्यांत होत्या म्हणून कोण कुणाला मिठी मारतंय ते कळत नव्हतं. माझ्याकडे तार आली ती त्यानंतर. हे तुटलेली तार जोडायला पुढं गेले होते आणि परत आले नव्हते. जखमींत नाहीत, मृतांत नाहीत. बेपत्ता.

या शब्दाचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. गेले असते तर रडायचं कसं, काय काढायचं, काय ठेवायचं, हे बायका सांगायला होत्या. येणार असते तर वाट बघायचं मला येत होतं. तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, कारण घरात बसवेना. दिवसभर काही अडलं नाही. आत सगळ्या एकसारख्याच. सुटी झाल्यावर उंबऱ्याच्या अलीकडे आले, थैली खुंटीवरून काढली आणि तिथंच उभी राहिले. बाकीच्या भराभर बांगड्या चढवत होत्या, आरशाच्या तुकड्यात बघून कुंकू लावत होत्या. मला थैलीची गाठ सोडता येईना. घालाव्यात की नाही? कोणी ठरवायचं?

वत्सलानं माझ्या हातातून थैली घेतली. एक एक बांगडी माझ्या हातात चढवली, बाळंतिणीला घालतात तशी जपून. "बेपत्ता म्हणजे गेला नाही," ती म्हणाली. "कोणी सांगेल तेव्हा सांगेल. घाल." मग स्वतःच्या बोटानं माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं. विधवेच्या हातचं कुंकू म्हणून मागं कुणीतरी कुजबुजलं. वत्सला वळून एवढंच म्हणाली, "तुमचं झालं असंल तं चला, बस सुटून राहिली."

ते वर्ष मी कसं काढलं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. फाल्गुनात बाजारातला मटार पिवळा पडला, शेवटी शेवटी शेंगांत अळ्या निघायला लागल्या, तरी मी घेत होते. भाजीवाला म्हणाला, "दीदी, अब मत लो, खराब है." मी म्हटलं, "आहे नं अजून? मग द्या." वैशाखात घरात खोबरेलाची बाटली पातळ होऊन खिडकीत उभी असायची आणि वापरणारं कुणी नव्हतं. मी तिला हात लावला नाही.

भिंतीलाही नाही. मी तिच्या समोर बसायची, चटईच्या दुसऱ्या टोकाला, आधी बसायची तिथंच. समोर तो गोल. बशीएवढा, वरच्या बाजूला थोडा गडद. तिथं डोकं टेकावं असं मला रोज वाटायचं आणि रोज मी स्वतःला आवरायची. माझ्याही डोक्याला तेल. माझं तेल लागलं तर त्यातलं यांचं किती आणि माझं किती, हे कसं कळणार? तो डाग फक्त यांचा राहायला हवा होता. मी त्याच्यावरची धूळसुद्धा झटकली नाही.

पाऊस संपला तशी वत्सला मागे लागली. ती आणि शकुनदीदी, आमच्याच खात्यातली, रांझीला फॅक्टरीजवळ एक घर घेऊन राहत होत्या. तिसरी खोली रिकामी होती.

"चल नं आमच्याकडे. एकटी काय करते तिथं? रांधत पण नाही, मला माहीत आहे. डबा उघडला की नुसता चिवडा असते तुझा."

"हे आले तर कुठं येतील?"

"अम्माजी सांगंल नं, रांझीला गेली म्हणून."

"यांना ते घर माहीत आहे वत्सला. दुसरं कोणतं माहीतच नाही."

"येणारा माणूस शोधत येते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "आणि न येणाऱ्यासाठी दोन खोल्या काय अन् चार काय."

मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. पण ती बोलली ते माझ्या डोक्यात बसलं. खरंच, दोन खोल्या मला मोठ्या होत होत्या. संध्याकाळी कुलूप उघडताना आतून जी हवा यायची ती कुणी श्वासात न घेतलेली असायची. रांझीला तिघी एका शेगडीभोवती बसतील, कुणी कुणाची वेणी घालील, कुणी रागावेल, निदान आवाज असेल. मला माणसं हवी होती, याची मला लाज वाटायची. घर सोडणं म्हणजे यांना सोडणं, असं एक मन म्हणायचं. दुसरं मन म्हणायचं, भिंतीशी किती दिवस संसार करशील?

त्याच दिवसांत बातमी आली की पकडलेले जवान सुटून येणार. कधी, कुठून, कोण, कुणालाच माहीत नव्हतं. ग्यारस जवळ आली होती. अम्माजी दाराशी येईल, विचारील, रहना है कि जाना है, आणि मला उत्तर द्यावं लागेल. रोज मी एक उत्तर ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी मोडायची.

ग्यारसच्या आदल्या दिवशी, कामावर हात चालू असताना, माझं ठरलं. राहायचं. निदान हे सुटलेले लोक येईपर्यंत तरी. आणि अम्माजीला सांगायचं की पुताई कर, पण ती एक भिंत सोड. हिंदीत कसं सांगायचं ते मी दिवसभर घोकलं. "अम्माजी, बाकी सब पुतवा दो, बस वो एक दीवार रहने दो." कारण विचारलं तर सांगणार होते की ओल आहे. सुटी झाल्यावर बाजारात उतरले, उसाची पेरी घेतली, शिंगाडे घेतले. मटार नुकताच आला होता. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. ओल्या चुन्याचा.

अम्माजी माझ्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. दुसरी किल्ली तिच्याकडेच असायची. तिच्या लुगड्यावर, हातांवर, पापण्यांवरसुद्धा पांढरे शिंतोडे. पुताईवाल्याच्या मागं उभं राहून तिनं सगळं सामान स्वतः हलवलं होतं आणि परत जागच्या जागी लावलं होतं, बाटलीसुद्धा खिडकीत होती तशी.

"देख तो बिटिया, कैसा चमका दिया!" ती म्हणाली. "मैंने सोचा, पूछूँगी तो तू सोच में पड़ जाएगी. रोएगी. इसलिए पूछा ही नहीं. अब तू कहीं नहीं जा रही."

मी आत गेले. चारी भिंती सारख्या होत्या. निळसर, ओल्या, स्वच्छ. मी नेहमीच्या जागी चटईच्या टोकाला बसले आणि समोर बघितलं. तिथं काहीच नव्हतं. डाग नेमका कुठं होता तेही मला दाखवता आलं नसतं. एवढी माया त्या बाईनं माझ्यावर कधी केली नव्हती, आणि मला ओरडायचं होतं, भिंत नखांनी खरवडायची होती.

"अच्छी हुई न?" तिनं दारातून विचारलं.

"बहुत अच्छी हुई, अम्माजी," मी म्हणाले.

ग्यारस झाली, देव उठले, आणि मी रांझीला गेले. हातगाडीवर माझी ट्रंक चढली तेव्हा अम्माजीला काही समजेना. करार झाला होता, भिंत पांढरी होती, आणि ही चालली. तिच्या सगळ्या हयातीत असं कुणी केलं नव्हतं. "मुझसे कोई गलती हुई बिटिया?" ती विचारत राहिली. मी तिच्या पाया पडले आणि एवढंच सांगितलं की हे आले तर रांझीला पाठव. खोबरेलाची बाटली मी पदराखाली धरली होती.

सुटलेले जवान आले. आमच्या शहरातही आले, हारतुरे झाले. हे नव्हते. यांच्याबरोबरचा कुणी भेटेल म्हणून वत्सला मला घेऊन स्टेशनवर गेली, एकेकाला विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. पुढं काही वर्षांनी सरकारनंच ठरवलं की आता हे नाहीत. तोवर फॅक्टरीतून निघताना मी रोज बांगड्या घालत होते. त्या दिवशी वत्सलानंच त्या उतरवल्या, तशाच जपून.

रांझीची ती खोली मी थोड्या दिवसांसाठी म्हणून घेतली होती. शकुनदीदी मुलाकडे गेली. आम्ही दोघी राहिलो, रिटायर झालो, गढ्याला हे घर घेतलं. वत्सला म्हणते, दुसरं लग्न केलं असतं तरी एवढा संसार झाला नसता.

ऋचाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती नाक ओढत म्हणाली, "आजी, मग तू सही केलं का गलत?"

"वत्सलाला विचार," मी म्हटलं आणि फोन तिच्या कानाशी धरला.

वत्सलाला प्रश्न ऐकू गेला की नाही कोण जाणे. "इकडे ये पोरी चार दिवस," ती ओरडली. "मटर आहे. तो हुक पण काढून घेऊन ये, आपण इथं ठोकू."

फोनवर ऋचा हसली, की रडली, मला नीट कळलं नाही. पुढच्या आठवड्यात येते म्हणाली. फ्लॅटचं काय करणार ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला मी एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. ती वत्सलालाही माहीत नाही.

मी कांचघर सोडलं त्याच्या पुढच्या ग्यारसच्या सुमाराला अम्माजीला भेटायला गेले होते. वाटीत थोडे शिंगाडे आणि पिशवीत मटार. तिनं मला बघितल्याबरोबर, मी विचारायच्या आधीच मान हलवली. "नहीं बिटिया. कोई नहीं आया." मग चहा ठेवला, तेवढ्यात साखर नव्हती म्हणून मला घेऊन नव्या भाडेकरणीकडे गेली. माझ्याच खोल्या. नवी लग्न झालेली मुलगी, नवरा फॅक्टरीत. माझ्या चुलीच्या जागी तिचा स्टोव्ह. मी आत पाऊल टाकलं आणि समोर बघितलं.

डाग परत आला होता.

तसाच. बशीएवढा, वर थोडा गडद, चुन्यातून आतून वर आलेला.

"अरे, ये दाग," अम्माजी म्हणाली. "पुताईवाला कहता है, तेल का है. चूने से नहीं जाता, ऊपर से कितना भी मारो. एक बरसात हुई कि फिर उभर आता है."

"माझ्या नवऱ्याचा नाही हं तो," ती मुलगी घाईनं म्हणाली. मराठीच होती. "आम्ही कुणी टेकलो नाही तिथं, पावसात आपोआपच वर आला. आता खरवडून घेतो म्हणाले हे."

एक पावसाळा. मी तिथंच राहिले असते, चटईच्या टोकाला, पांढऱ्या भिंतीसमोर, तर श्रावणात कधीतरी तो माझ्यासमोर हळूहळू वर आला असता. मला कुणी सांगितलं नव्हतं. तेल चुन्याखाली राहतं हे मला माहीतच नव्हतं.

अम्माजी साखर घेऊन गेली. मुलीला मी म्हटलं, मटार आणलाय, सोलून देते थोडा, बस. ती टोपली घेऊन समोर बसली, माझ्या जुन्या जागी. मी भिंतीशी बसले. आणि मग, कधीच केलं नव्हतं ते केलं. डोकं मागं टेकलं. हे उंच होते, माझं डोकं डागाच्या खालच्या काठापर्यंतच पोचलं. भिंत थंड होती. मी मान थोडी ताणून वर सरकले आणि तशीच बसून राहिले.

"मावशी, तेल लागेल भिंतीला," ती मुलगी म्हणाली.

"लागू दे," मी म्हणाले आणि शेंग फोडली.